वाढत्या अंगाचं माप

आमच्या गावातल्या सगळ्या माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका बाई, पीटीचे सर आणि पालक-शिक्षक संघाचे सभासद यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मी गणवेश शिवते. तुमच्यापैकी बहुतेकांना मी दुकानावरून ओळखते, तुम्ही मला पावतीवरच्या सहीवरून ओळखत असाल. अठ्ठावीस वर्षं एप्रिल संपता संपता तुमच्या शाळांच्या कापडाच्या याद्या माझ्याकडे येतात आणि मे-जूनमध्ये गावातली निम्मी पोरं माझ्या टेपखालून जातात. पत्र लिहायची मला सवय नाही, पावत्या लिहायची आहे. कुठे मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

सुरुवात आमच्या धंद्यातल्या एका गुपितापासून करते. मुलीच्या कमरेभोवती टेप जायच्या आत ती श्वास ओढून घेते. पोट आत, खांदे वर. त्या मापावर स्कर्ट बेतला तर पहिल्याच दिवशी प्रार्थनेला हुक तुटतो. म्हणून मी टेप नुसता धरून ठेवते आणि विचारते, "हजेरी नंबर किती गं यंदा? बाई कोण आहेत?" ती बोलायला लागली की श्वास सुटतो, पोट आपल्या जागी येतं, आणि मग मी माप घेते. सुरुवातीच्या वर्षांत ही युक्ती मला नववी-दहावीच्या मुलींना लावावी लागायची. आता पाचवीतली मुलगीसुद्धा श्वास ओढते. दहा वर्षांची पोर. मागे बाकावर आई बसलेली असते आणि ती म्हणते, "बघा ना, नुसती सुटली आहे. जरा ढगळच शिवा, पोट दिसायला नको."

आणि याच आईचं दुकानात शिरतानाचं पहिलं वाक्य काय असतं? "वाढत्या अंगाचं शिवा हं."

हे वाक्य मी या अठ्ठावीस वर्षांत किती हजार वेळा ऐकलं असेल, देव जाणे. वाढत्या अंगाचं शिवायचं म्हणजे बाजूच्या शिलाईत दीड-दोन इंच माया ठेवायची, खाली दुमड जास्त ठेवायची, बाहीला आत एक घडी घ्यायची. पोर वाढलं की उसवायचं आणि सोडायचं. कापडाच्या बाबतीत आपण सगळे इतके शहाणे आहोत. पोर वाढणार, आडवं वाढणार, उभं वाढणार, कधी काय आधी वाढेल सांगता येत नाही, हे आपण गृहीत धरूनच दुकानात येतो. आणि ते वाढलं की त्याच्याच तोंडावर "केवढी झालीस!" म्हणून बोल लावतो.

तान्ह्या बाळाला झबलं शिवायला हीच माणसं येतात तेव्हा बाळाच्या मनगटावरच्या वळ्या कौतुकाने दाखवतात. "काय छान बाळसं धरलंय" म्हणतात, वर दृष्ट काढतात. तेच लेकरू तेरा वर्षांचं झालं की त्याच वळ्यांचं काय होतं कोण जाणे.

शिंप्याच्या वहीत जे दिसतं ते शाळेच्या वहीत दिसत नाही, म्हणून सांगते. वयात येणाऱ्या पोराची पँट आधी आखूड होते, शर्ट नंतर. पाय आधी लांबतात, धड मागून येतं. मधले काही महिने मूल नुसतं हातपाय दिसतं आणि घरचे म्हणतात, "काडी झालाय, अंगाला काही लागत नाही." मुलींचं अंग आठ ते तेरा या वयात कधीही बदलायला लागतं, मुलांचं नऊ ते चौदा. म्हणजे सातवीच्या एका बाकावरच्या दोन मैत्रिणींत पाच वर्षांचं अंतर दिसू शकतं आणि दोघीही अगदी ठणठणीत असतात. मुली आधी उंच होतात, मुलं दोनेक वर्षं मागे राहतात आणि मग एका मे महिन्यात येतात ते ओळखू येत नाहीत. माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या एक डॉक्टरबाई आहेत (मुलांच्या तज्ज्ञ आहेत, पण गळ्याची खोली दर वेळी चुकीची सांगतात). त्यांनी मला सांगितलं की मोठेपणी माणसाचं जेवढं वजन असतं, त्यातलं जवळजवळ निम्मं याच वर्षांत भरतं. मुलींच्या अंगावर या वयात थोडी चरबी येणं म्हणजे काही बिघडणं नव्हे, ती यायचीच असते. हे ऐकल्यावर मला पहिलं काय वाटलं सांगू? माझं मार्जिन बरोबर होतं.

आता मुलांचं. लोकांना वाटतं, हा मुलींचा विषय आहे. दोन वर्षांपूर्वी आठवीतून नववीत गेलेला एक मुलगा आला. पाठीला पोक काढून उभा, दोन्ही हात छातीवर घडी घालून. टेप लावायला हात खाली घे म्हटलं तर घेईना. "काकू, मागच्याच मापाचं शिवा, फक्त दोन नंबर मोठं," एवढंच म्हणाला. वडील चिडले, "सरळ उभा राहायला काय होतं?" मी वडिलांना समोरच्या टपरीवर चहा आणायला पाठवलं. मग पोरगं हळूच म्हणालं, पीटीच्या तासाला शर्ट काढायला लावतात म्हणून तो दर गुरुवारी पोट दुखतं म्हणून घरी राहतो. छाती जरा भरल्यासारखी दिसते, मुलं नाही नाही ते बोलतात. डॉक्टरबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, वयात येताना निम्म्याहून जास्त मुलांना हे थोडंफार होतं, हार्मोन्समुळे, आणि बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं. निम्म्याहून जास्त! म्हणजे त्याला चिडवणाऱ्यांतल्या कित्येकांना तेच होत असणार आणि तेही शर्टाखाली लपवत असणार. हे एक वाक्य वर्गात कुणी सरांनी सांगितलं असतं तर त्या पोराचे वर्षभराचे गुरुवार वाचले असते. मी त्याला सांगितलं. शर्ट त्याच्या मापाचाच शिवला, कापड जरा जाड घेतलं, खिसा दोन बोटं मोठा केला. तेवढंच माझ्या हातात होतं.

मी काही फार शहाणी आहे म्हणून हे लिहीत नाही. माझ्या हातूनही झालं आहे.

पूर्वी माझी पद्धत अशी होती की मी माप घेणार आणि मोठ्याने सांगणार, मदतनीस मुलगी काउंटरवर वहीत लिहून घेणार. गर्दीत हेच बरं पडतं. "खांदा चौदा, बाही आठ, कंबर चौतीस." तशीच एकदा भर जूनमध्ये ओरडले. दुकानात वीस माणसं. मदतनिसाला ऐकू गेलं नाही, ती म्हणाली, "चोवीस?" मी पुन्हा ओरडले, "चोवीस नाही गं, चौतीस, चौतीस!" दुकानात त्या मुलीच्या वर्गातली दोन पोरं होती. कुणीतरी फिस्सकन हसलं. ती मुलगी काही बोलली नाही, जमिनीकडे बघत उभी राहिली, माप होईपर्यंत अगदी शहाण्यासारखी. दिवाळीनंतर तिची आई जुना स्कर्ट सोडायला घेऊन आली तेव्हा कळलं, वर्गात तिचं नाव 'चौतीस' पडलं होतं. हजेरीला तिचा नंबर यायचा तेव्हा मुलं मागून हळूच चौतीस म्हणायची. तिच्या बाईंना सहा महिने कळलं नव्हतं की या आकड्यावर वर्ग का हसतो.

तो आकडा माझ्या तोंडून गेला होता. त्या स्कर्टचे पैसे मी घेतले नाहीत, पण त्याने काय होतंय. त्या वर्षापासून मी माप स्वतः लिहिते, तोंडाने एक अक्षर काढत नाही. दुकानात पडदा लावलाय, पालक बाहेरच्या बाकावर. वेळ जास्त जातो, जूनमध्ये रांग रस्त्यावर येते, लोक शिव्या देतात. देऊ देत.

म्हणून मुख्याध्यापक महाशय, माझं तुमच्याशी भांडण इथे आहे. जे मी बंद केलं ते तुमच्याकडे अजून चालू आहे. वर्षातून एकदा वर्गात वजनकाटा येतो. मुलं रांगेत उभी. सर वजन बघतात, मोठ्याने सांगतात, वर्गाचा मॉनिटर लिहून घेतो. माझंच दुकान, फक्त साठ गिऱ्हाइकांचं. मग तोच आकडा प्रगतिपुस्तकात जातो. गणित 61, वजन 58, एका पानावर. प्रगतिपुस्तक वाटल्यावर मुलं आधी एकमेकांचं काय बघतात ते तुम्हाला माहीत आहे. गुण नाही बघत.

वजन घेऊच नका असं मी म्हणत नाही. मुलाच्या तब्येतीकडे कुणीतरी बघायलाच हवं. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला, त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि डॉक्टरांचं पथक वर्षातून एकदा सरकारी शाळांत येतं. चांगलंच आहे. पण वजन हा डॉक्टरच्या कामाचा आकडा आहे, वर्गाच्या नाही. आणि नुसत्या वजनाला तसा काही अर्थही नसतो. ते उंचीशी आणि वयाशी लावून बघायचं असतं. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 मध्ये 5 ते 18 वर्षांच्या आपल्या मुलांसाठी वाढीचे तक्ते सुधारून काढले, त्यात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकरांचा मोठा वाटा आहे. त्या तक्त्यावर मुलगा वेगळा, मुलगी वेगळी, प्रत्येक वयाची रेघ वेगळी. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा. तो 21 असला तर अकराव्या वर्षी जास्त ठरतो, सतराव्या वर्षी तोच ठीक असतो. मी डॉक्टरबाईंकडे तो तक्ता पाहिला. वर वर जाणाऱ्या वाकड्या रेघा. मुंढ्याच्या कटिंगसारख्या दिसतात. आणि आपल्याकडे भिंतीवर मोठ्या माणसांचा बीएमआयचा चौकोनी तक्ता लावून सातवीच्या पोराला "तू या रकान्यात" म्हणून सांगतात. हे म्हणजे बापाच्या पँटीत पोराला उभं करून पोरगं चुकलं म्हणण्यासारखं झालं.

वजन एकेकाचं, दाराआड घ्या. कागद पाकिटात घालून पालकांना द्या. आणि काही दाखवायचं असलंच तर डॉक्टरांना दाखवा. मॉनिटरला वहीतून मोकळं करा, त्याला इतर कामं पुष्कळ आहेत.

साइजचं थोडं बोलते, कारण हा माझा प्रांत आहे. तुमच्या यादीत साइज बावीसपासून बेचाळीसपर्यंत असतात आणि त्याच्या खाली एक ओळ: "त्यापुढील मापास जादा आकार." ती ओळ मीही वर्षानुवर्षं छापत आले. जादा कापड लागतं हे खरं, ऐंशी रुपये लावायचे. पण हिशेब करून पाहिला. बावीसच्या शर्टात वाचलेलं कापड मी कुणाला परत देत नाही, मग चव्वेचाळीसला लागलेलं जादा कापड एकाच पोराकडून का घ्यायचं? दोन वर्षांपूर्वी मी सगळ्या मापांचा एकच दर केला. नुकसान झालं नाही, खरंच झालं नाही. आणि ते ऐंशी रुपये द्यायला काउंटरवर उभ्या राहणाऱ्या मुलाचं तोंड मला आता बघावं लागत नाही.

रेडिमेडचं तर विचारू नका. एस, एम, एल ही मापं आपल्या अंगावरून काढलेलीच नाहीत, ती परदेशातून आली. आपल्या माणसांची मापं घेऊन आपले साइज ठरवायचं काम नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजीने 2018 मध्ये हाती घेतलं, पंचवीस हजार माणसांचं, तेही 15 ते 65 वयाच्या. पंधराच्या आतली पोरं त्यातही नाहीत. आणि 2024-25 ला आपल्याकडे 'एक राज्य एक गणवेश' आलं तेव्हा काय झालं ते तुम्ही पाहिलंत. कापड एकीकडे कापलेलं, शिलाई बचत गटांकडे, आणि शाळेत गणवेश पोचले ते कुणाला खांद्यावरून गळणारे, कुणाला घट्ट. शेवटी काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आलं. बचत गटाच्या बायांना मी दोष देत नाही, पोर न बघता कापलेलं कापड बसणार कसं? पण त्या दिवसांत मी एक पाहिलं. शर्ट बसला नाही की पोर कापडाला नावं ठेवत नाही. "मला होत नाही" म्हणतं. कपडा बसला नाही तर चूक आपल्या अंगाची, हे ते कधी शिकलं? त्याला असं कधीच कुणी ऐकवत नाही की चूक कात्रीची आहे.

एवढं लहान काम तुम्ही करू शकता: कमरेला मागे चार इंच इलॅस्टिक आणि आत दोन बटणांची पट्टी, मुलींच्या स्कर्टला आणि मुलांच्या पँटलाही. खर्च पंधरा-वीस रुपये. पाळीच्या दिवसांत, जेवणानंतर, वर्षअखेरीला, कमर एकच राहत नाही. पीटीची पांढरी पँटही तेवढी बदला. सातवीच्या पुढची कुठलीही मुलगी सांगेल का ते. तुमच्यापैकी ज्या बाई आहेत त्यांना तर सांगायलाही नको.

आता जे सांगते ते पालकांनी जरा नीट वाचावं.

मागच्या डिसेंबरात गॅदरिंगचा घागरा शिवायला एक नववीची मुलगी आली. जूनची वही उघडी होती, त्यात तिची कंबर सव्वीस. आता टेप लावला तर तेवीस. तिच्या बाबतीत श्वास सोडायला लावायची वेळच आली नाही, ओढायला काही नव्हतं. आई खूश होती. "बघा, किती छान बारीक झाली! मनावर घेतलं पोरीने. डबा पण नेत नाही आता." दुकानातल्या दुसऱ्या दोघी म्हणाल्या, "आम्हालाही सांग गं, काय करतेस ते." मुलगी हसली. हात लावला तर बोटं बर्फासारखी, आणि बाहेर काही इतकी थंडी नव्हती.

अठ्ठावीस वर्षांच्या वह्या आहेत माझ्याकडे. जून ते डिसेंबर या सहा महिन्यांत त्या वयाच्या पोराचं माप तेवढंच राहिलेलं पाहिलंय, वाढलेलं तर नेहमीच. तीन इंच उतरलेलं आजारपणाशिवाय पाहिलेलं नाही. मी आईला बाजूला घेतलं आणि मला विचारायचा अधिकार नव्हता तरी विचारलं, पाळी येते का वेळेवर? आई गप्प झाली. तीन महिने आली नव्हती. तिला वाटलं, अभ्यासाचं टेन्शन असेल. मी डॉक्टरबाईंचा पत्ता कागदावर लिहून दिला. नंतर डॉक्टरबाईंनी त्या मुलीचं काही सांगितलं नाही, आणि सांगूही नये, पण एवढं म्हणाल्या: वाढत्या वयात नुसतं वजन न वाढणंसुद्धा घट धरायची असते, आणि पाळी थांबली, डबा परत यायला लागला, जेवण झालं की लगेच बाथरूममध्ये जाणं सुरू झालं, तर "मनावर घेतलंय" म्हणून कौतुक करायचं नाही, दवाखान्यात न्यायचं. अन्नाशी असं वैर धरणं हा आजार आहे, खोड नाही, आणि तो जिवावर बेतू शकतो. तो अंगाने भरलेल्या पोरालाही होतो, दिसत नाही एवढंच.

घागरा मी सव्वीसच्या मापाने बेतला आणि आतून टाके घालून तेवीसला आणला. माया आत ठेवली.

याच वयाच्या, 15 ते 19 च्या मुलींत देशात शंभरातल्या 59 जणींना रक्त कमी आहे, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा आकडा आहे. शाळेत आठवड्याची लोहाची निळी गोळी त्यासाठीच देतात. एकीकडे गोळी द्यायची आणि दुसरीकडे पोरीच्या डब्यातल्या दुसऱ्या पोळीकडे बघून भुवई वर करायची.

मला माहीत आहे कुणीतरी म्हणणार, "अहो पण मुलं खरंच जाड होत चालली आहेत, वडापाव आणि मोबाइल, त्याचं काय?" बरोबर आहे. माझ्या वहीतही दिसतं, चाळिशीच्या पुढचे साइज वाढले आहेत. पण चिडवून कुणाचं वजन उतरलेलं मी एकही पाहिलं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये डॉक्टरांना ज्या सूचना दिल्या त्यात हेच आहे: मुलांच्या मागे डाएटचा लकडा लावू नका, घरात वजनाची चर्चा नको, चिडवणं तर नकोच, एकत्र बसून जेवा. त्यांनी लठ्ठपणा आणि न जेवण्याचे आजार दोन्हींसाठी एकच औषध सांगितलं, हे मला फार पटलं. आपल्याकडे त्यात नवीन काय आहे? पंगतीत बसून जेवताना कुणाच्या पानाकडे बघू नये, हे आपल्या आज्ज्या सांगायच्याच.

पीटीच्या सरांना एक विनंती. "ए ढोल्या, पाच राउंड मार" हे बंद करा. धावणं शिक्षा झालं की पोर जन्मभर धावत नाही. त्याच पोराला गोळाफेकीला उभं करा, कबड्डीत कोपरा द्या, मग बघा. माझ्याकडे जिल्ह्याच्या कबड्डी संघाचे शर्ट शिवायला येतात, त्यांचे साइज मी सांगत नाही, पण तुमच्या तक्त्यात बसत नाहीत. शर्ट काढायला लावणंही बंद करा. आणि "जिमला लाव" म्हणून कुणाला पावडरीचा डबा सुचवू नका. अकरावीतली पोरं दंड मोजून घ्यायला येतात माझ्याकडे, शर्टासाठी नाही, नुसतं मोजायला. महिन्याला. त्यांना मी टेप देत नाही.

गॅदरिंगचं बोलायचं तर एकच. नाचाचे कपडे शिवायला मापांची यादी येते तीत पहिली रांग, दुसरी रांग, तिसरी रांग असं लिहिलेलं असतं. मी शिवते म्हणून मला ठाऊक आहे, पहिल्या रांगेचे सगळे कपडे लहान मापाचे असतात. आणि मेकअपच्या दिवशी कुणाच्या तोंडावर पावडरचे दोन थर जास्त बसतात तेही बघितलं आहे. गोरेपणाचं जे मलम 1975 मध्ये बाजारात आलं त्याला 2020 मध्ये स्वतःच्या नावातला 'फेअर' काढून टाकावा लागला. कंपनीला जमलं ते आपल्या गॅदरिंग कमिटीला जमायला काय हरकत आहे? जिला नाच येतो ती पुढे.

आणि हे सगळं मोबाइलमुळे झालं असं म्हणून हात झटकू नका. मोबाइलचा वाटा आहेच. 2021 मध्ये फेसबुक कंपनीची आतली कागदपत्रं बाहेर आली, त्यात त्यांच्याच लोकांनी लिहून ठेवलं होतं की इन्स्टाग्राममुळे किशोरवयीन मुलींपैकी तिघींत एकीला आपल्या अंगाविषयी आणखी वाईट वाटतं. मोबाइलच्याही आधी तिकडे फिजी बेटांवर असंच झालेलं आहे. तिथे भरलेलं अंग चांगलं मानायचे, आपल्याकडे जुन्या बायका "अंगापिंडाने भरलेली आहे" हे कौतुकाने म्हणायच्या तसं. त्यांच्या एका भागात 1995 मध्ये टीव्ही आला. तीन वर्षांनी तिथल्या शाळकरी मुलींना विचारलं तर शंभरातल्या अकरा मुली बारीक होण्यासाठी उलटी काढत होत्या. टीव्ही नुकताच आला होता तेव्हा विचारलं तर एकही नव्हती. अॅन बेकर नावाच्या डॉक्टरबाईंनी हा अभ्यास केला. म्हणजे बाहेरून येतं हे खरंच आहे. पण मोबाइलमधली बाई माझ्या दुकानात येऊन "पोट आत घे" म्हणत नाही. ते घरचं माणूस म्हणतं. मोबाइल बंद करणं तुमच्या-माझ्या हातात नाही, तोंड आहे.

ज्यांना घरात बोलता येत नाही अशा मुलांना दोन पत्ते वर्गात लावून ठेवा. 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' नावाची क्लिनिकं आहेत, आणि मनाचं काही बोलायचं असेल तर टेलिमानसचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत. शौचालयाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, म्हणजे कुणी बघतंय का याची काळजी न करता वाचता येईल.

तर यंदाचं असं आहे. शाळा पंधरा जूनच्या आसपास उघडतील, तेव्हा मापं पाच मेपासून घ्यायला सुरू करते. पडदा आहे, बाक बाहेर आहे, पालकांना चहा मी पाजते. मुलांनी दुपारी जेवून यावं, उपाशी पोटी घेतलेलं माप मला चालत नाही. साइजच्या यादीत बेचाळीसच्या खाली ती जादा आकाराची ओळ छापू नका, ती जागा कोरी ठेवा, सगळ्या मापांचा एकच दर मी हाताने लिहीन. इलॅस्टिकचं नमुन्याचं एक पीस शिवून ठेवलं आहे, काळ्या बटणांचं. शाळेच्या शिपायाला पाठवलंत तर देते, किंवा येता-जाता स्वतः बघून जा. शनिवारी दुकान दोनपर्यंतच असतं.

आपली,
गणवेशवाली काकू